अळणी वरणभात

बाबा, जिवंतपणी तुम्हाला डॅडी म्हणावं लागायचं. आता अडवायला तुम्ही नाही, म्हणून बाबा. आणि लिहितेय तेही मराठीत. चुकलं तर चुकलं.

बासष्टाव्या वर्षी मी स्पॅनिश शिकायला जाते. नातीसाठी. मुलगा स्पेनमध्ये, सून तिथली, पाच वर्षांची पोर स्पॅनिशच बोलते. दुर्गापूजेच्या सुट्टीत कोलकात्याला आली होती. पहिल्याच दिवशी जेवताना माझ्याकडे बघून तिनं काहीतरी मागितलं. मी उठणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "इन इंग्लिश, प्लीज." पोरीनं चमचा खाली ठेवला आणि मान खाली घालून बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द त्याचे नव्हतेच, तुमचे होते.

इथल्याच गार्डन रीचच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुमचा कायदा होता: टेबलावर मराठीत मागेल त्याला काही द्यायचं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तुमच्या अक्षरात इंग्रजी चिठ्ठ्या, आणि त्या डब्यांतून रोज रांधणाऱ्या आईला त्यातली एकही वाचता येत नव्हती. सुरुवातीला ती चिडवायची, "तुमच्या साहेबालाच बोलवा जेवायला, त्याला वाढते इंग्रजीतून." तुम्ही हसला नाहीत. "पोरांचं वाटोळं करायचंय का तुला?" म्हणालात. साताऱ्याहून इथं आलेली बाई. बाहेर बंगाली, हिंदी; बोलायला तिला आम्हीच होतो. तुम्ही ऑफिसात गेलात की ती आमच्याशी भरभरून बोलायची, तेवढंच माझं मराठी. तुमच्या टेबलावर मात्र ती वाढायची आणि गप्प बसायची. कसली अक्कल होती ही, बाबा? मला अजून तुमचा राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

आमच्या स्पॅनिशच्या बाई बंगाली आहेत, माझ्या मुलाच्या वयाच्या. वस्तूंची लिंगं घोकून घेतात. वर्गातले सगळे कुरकुरतात, इंग्रजीत कुठे असतं असलं काही? मीही कुरकुरते. मग घरी येताना बसमध्ये आठवतं: ती खुर्ची, तो पंखा, ते ताट. आईनं हे कधी शिकवलं नाही, नुसतं बोलून कानात घातलं. मी चुकले की बाई म्हणतात, "मासिमा, भूल होक ना, बोलते थाकुन." चुकू दे, बोलत राहा. एवढं एक वाक्य आईला म्हणाला असतात, तर तुमचं काय बिघडलं असतं?

काल जेवणाच्या टेबलावरची वाक्यं होती. "मीठ देता का" हे उभं राहून म्हणायचं होतं. मी उभी राहिले आणि न म्हणताच खाली बसले. बाईंना वाटलं, पाठ केलं नसेल.

मला तो रविवार दिसत होता. वरणात मीठ घालायचं राहिलंय. तुम्ही "सॉल्ट, प्लीज" म्हणून घेता. आई शेवटी पानावर बसते, एक घास खाते आणि म्हणते, "मीठ दे गं." तिला मीठ मिळत नाही. दुसऱ्यांदा ती मागत नाही. अळणी वरणभात शेवटच्या शितापर्यंत खाऊन उठते.

हे पत्र घालायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी घातलं नसतं. कारण तुम्ही तेव्हा तिथं नव्हतातच. फोन वाजला म्हणून बाहेरच्या खोलीत गेला होतात. मिठाचं भांडं माझ्या हाताशी होतं. "इन इंग्लिश, आई," मी म्हणाले.