काटा ठरल्यावर

आबा, तुमची नात आज सकाळी अठराशे वीस ग्रॅम भरली. यार्डात असतात तर इतक्याशा वजनाकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं. पण अठराशेच्या वर गेली की घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ती गेली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. मला आनंदाने काही सुचत नाहीये, आणि हे सांगायला तुम्हीच हवे होतात.

अमळनेरच्या यार्डात तुम्ही मापाडी. धान्याचं पहिलं माप पडलं की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. मी पहिलीत अंकही तसेच म्हटले आणि छडी खाल्ली; तुम्ही मात्र ते आठवडाभर हमालांना कौतुकाने सांगत सुटलात. पण एकदा काटा हलत असतानाच मी पोत्याचं वजन ओरडून सांगितलं, तेव्हा चारचौघांत बोललात, "काटा ठरू दे पोरी, मंग बोल. तो काय तुन्हा नोकर शे?" मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

इथे जळगावच्या दवाखान्यात सिस्टर तिला रोज सकाळी काट्यावर ठेवते. कार्टी पाय झाडते, आकडा खालीवर पळतो, आणि मी ओठ दाबून उभी. पहिल्या आठवड्यात वजन उलट उतरलं, तेव्हा जिन्यात बसून रडले. मग दहा-पंधरा ग्रॅम करत चढत गेलं. आज आकडा ठरला आणि सिस्टर, तीही आपल्याकडचीच शेतकऱ्याची लेक, म्हणाली, "ताई, भरनी बरं तुमनी पोर."

घरी सोडायचा कागद भरताना तिने विचारलं, "कितवं मूल?"

"लाभ," मी म्हणाले.

ती हसली. काही न विचारता तिने एक लिहिला.

पिंप्राळ्याला घरी जायला खाली रिक्षा उभी आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद दुपट्यांच्या पिशवीत तळाशी ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं, की भरती करतानाही हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मी गप्प राहिले, उत्तर ह्यांनी दिलं. काटा ठरायच्या आधी बोलू नये, म्हणून गप्प होते असं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, आबा. मी भ्याले होते. आजपर्यंत मी तिला मोजलंच नव्हतं.