बकऱ्यांनी सोललेली पऱ्हाटी

१२ फेब्रु.
तिसरा घाणा जमला. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, तुकडे कॉस्टिक सोड्यात उकळले, काळ्या पाण्यात आम्ल टाकलं, तपकिरी गाळ बसला. तेच लिग्निन. ते फिनॉलसोबत तापवून वरून फॉर्मलिन. डोळे झोंबले. या खेपेला तापमान नव्वद अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. पुस्तकात जास्त लिहिलंय. पुस्तक चूक.

१३ फेब्रु.
चिखलीला कारखान्यात माझं रेझिन, म्हणजे हाच डिंक, लावून प्लायवूड दाबला. निम्म्या फिनॉलच्या जागी लिग्निन. तुकडा उकळत्या पाण्यात, थर सुटले नाहीत. कारखान्याचे शेट म्हणाले, "डॉक्टर, जमवलं कसं?" म्हटलं, तापमान. मी दहावी नापास, म्हणून डॉक्टर. आज थट्टा कमी वाटली.

१८ फेब्रु.
शेटनी रेझिन शिजवायची मोठी केटली द्यायचं कबूल केलं. जमलं तर रेझिनचं काम माझ्याकडे. नाही तर पुन्हा नुसतं फिनॉल, आणि मी ढवळायला. डोणगावहून ट्रॉलीभर पऱ्हाटी आणली. सरळ, जाड. घरच्या गंजीतली किडकी होती.

२४ फेब्रु.
नव्या पऱ्हाटीचं आधी छोट्या भांड्यात केलं ते बरं. तेच तापमान, तेवढाच वेळ, आणि थर पाण्यात कोबीसारखे सुटले. गाळ काळपट. कितीही धुतला तरी राखट. शेटना सांगितलं नाही.

२६ फेब्रु.
थर्मामीटर बदलला. तेच.

२७ फेब्रु.
बायको, सुमन, शेडमध्ये चहा घेऊन आली. नवी पऱ्हाटी पाहून, "काऊन हो, साल नाही काढली इची?"
म्हटलं, आधी तरी कुठं काढली होती?
"त्या गंजीवर माह्या बकऱ्या होत्या ना. त्यायनंच तं खाल्ली." मग पदराआड हसत, "मंग डॉक्टर कोन? तुमी का बकऱ्या?"


२८ फेब्रु.
घरच्या गंजीतली उरलेली काडी पाहिली. बुडापासून शेंड्यापर्यंत सोललेली, दातांच्या खुणा. पहिले दोन घाणे फसले ते कुंपणाच्या काडीचे. सालीसकट. तिसऱ्याला गंजीतली घेतली, आणि त्याच दिवशी तापमान बदललं. दोन गोष्टी एकदम बदलू नयेत, हे दुसऱ्यांना मीच सांगतो.

२ मार्च
शेट : "सोमवारी बाहेरचे लोक येऊन राह्यले. तुमचं तापमान त्यायले नीट समजावून सांगा." हो म्हणालो.

४ मार्च
डोणगावची थोडी काडी विळ्यानं सोलली. बोटं सोलवटली. ट्रॉलीभर काही होत नाही. सुमनला म्हटलं, ट्रॉलीवर बकऱ्या सोड.
"फुकट नाही. शेडच्या पाटीवर नाव लावा त्यायचं."

६ मार्च
कारखाना. सोललेल्या काडीच्या रेझिननं दाबलेल्या प्लायवूडचे दोन तुकडे उकळायला टाकले. खिळ्यानं खूण केली : एक रेघ माझ्या तापमानाची, दोन रेघा पुस्तकाच्या. माझा सुटला नाही तर केटली वाचली. पुस्तकाचाही सुटला नाही तर सोमवारी काय समजावू, ते...
शेट दारात. "झालं का, डॉक्टर?"
चिमटा उचलला. आधी दोन रेघांचा धरला.