कोपराखालचा हात

महेश्वरी, लेकी,

तू कोरियात लग्न केलंस, तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. मी सात रस्त्याच्या कोरियन क्लासला जाते, हे तुझ्या अप्पांना ठाऊक नाही. मठात जाते म्हणून सांगते. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. मला अजून अक्षरंही धड लागत नाहीत, घरी येईपर्यंत डोकं जड होतं.

एक गोष्ट मात्र अंगवळणी पडली. तिकडे मोठ्यांना काही देताना डावा हात उजव्या कोपराखाली धरतात. सवयीनं अप्पांनाही मी तसाच चहा देऊ लागले.

"हात लई दुकतोय का?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हटलं. त्यांनी मलम आणलं. मीही मुकाट्यानं रोज चोळत राहिले.

काल रिकामा कप परत देताना त्यांनी स्वतःचा डावा हात कोपराखाली धरला.

"बरोबर हाय का बघ," म्हणाले. "तिच्या सासूपुढं चुकाय नगो."

आणि दुकानाला गेले.

मी थकले गं. हे पत्र पाठवत नाही. पुढचं त्यांचं त्यांनीच तुला सांगावं.

तुझी,
अव्वा