प्रकाशाचा वेग, माझ्या सहीने

४ जून
नववीचं विज्ञानाचं पुस्तक प्रेसमध्ये आलं. छपाईआधी प्रुफं तपासायचं काम माझ्याकडे! मालक म्हणाले, हे नीट पार पाडा, मग बघू. 'बघू' म्हणजे खुर्ची. आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना दारातूनच दिसते, म्हणून सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणतात. त्यांची खुर्ची खिडकीजवळ, हातांची, गादीची. मी नऊ वर्षं स्टुलावर.
संकल्प: रोज वीस पानं. प्रत्येक आकडा लेखक प्राध्यापकांच्या हस्तलिखिताशी ताडायचा. बसल्या जागी पाय हलवणं कायमचं बंद.

५ जून
चार पानं. पंख्याचा आवाज. मग पाणी प्यायलो. मग पेन बदललं. मग जुनंच बरं होतं असं वाटलं. वेलांटीकाका ओळीखाली पट्टी धरून एकेका अक्षराला पेन्सिल टेकवतात. तासन्‌तास. माणूस आहे की खांब?
पाय हलत होता. पण कमी.

६ जून
या पुस्तकाने माझे डोळे उघडले. पहिलाच धडा अंदाजाचा. नेमकं उत्तर दर वेळी लागत नाही, आधी दहाच्या पटीत विचार करा: दहा, शंभर की हजार? म्हणजे मी आयुष्यभर जे करत आलो ते शास्त्र निघालं. लोक त्याला धांदरटपणा म्हणत होते.
सौ.ने फोनवर विचारलं, किती वाजता येणार. म्हटलं, दहाच्या पटीत सांगायचं तर तासाभरात. पोचलो चार तासांनी. चार हे दहाच्या आतच आहेत, शास्त्रात ही चूक धरत नाहीत. सौ.ने धरली.

९ जून
हस्तलिखित ताडण्याबद्दल. प्राध्यापकांचं अक्षर मुंगीएवढं. मधलीच तीन पानं काढून ताडली. शब्दन्‌शब्द बरोबर. तीन पानं बरोबर, म्हणजे अंदाजाने सगळीच बरोबर. हस्तलिखित कपाटात ठेवून दिलं. उरलेल्या वेळात टेबल खिडकीकडे सरकवून पाहिलं. काकांचा पट्टी धरलेला हात थांबला.

११ जून
प्राध्यापकांचा फोन. म्हणाले, घातांकांकडे तेवढं लक्ष द्या, दहाच्या डोक्यावरचा बारीक आकडा, तोच सगळा जीव. मी म्हटलं, निश्चिंत राहा.
दुसरा धडा पूर्ण चाळला. डोक्यावर बारीक आकडा एकाही ठिकाणी नाही. वय झालं की माणसाला आपण काय लिहिलं ते आठवत नाही. बिचारे.

१२ जून
दुसऱ्या धड्यात लेखकाचा आळस चांगलाच दिसतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०८ मीटर, असं अर्धवट गणित टाकून मोकळे! मुलांनी वेग वाचायचा की पाढे म्हणायचे? मी गुणाकार करून ३२४ लिहिलं. सुटसुटीत.
पृथ्वीचं वस्तुमान ६ × १०२४. केलं ६१४४ किलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी भरली. सूर्याचं अंतरही काढलं. दीड किलोमीटर आणि वर थोडं. उन्हाळ्यात जाणवतंच.
मजा आली. पाय अजिबात हलला नाही.

१३ जून
आज वजाबाक्या. अणूचा व्यास १ × १०-१०, म्हणजे शून्य. मला वाटलंच होतं. जिवाणूची लांबी १ × १०-६, म्हणजे चार मीटर. जरा दचकलो. मग दिसत कसा नाही? पारदर्शक असणार. जेवायच्या आधी दोनदा हात धुतले.
वेलांटीकाकांना अभिमानाने सांगितलं की चाळीसेक गणितं सोडवून दिली. ते म्हणाले, शब्द चुकला तर वाचक सावरून घेतो, आकडा चुकला तर त्यालाच खरा धरून बसतो, एकदा हस्तलिखित उघडून बघ. जाणाऱ्या माणसाला नव्या मेथडचा त्रास होणारच. मी वाद घातला नाही.

१६ जून
शेवटच्या प्रुफावर सही ठोकली. लाल शाईत, लपेटदार. पाच हजार प्रती छापणार. घरी कन्येला सांगितलं. ती यंदा नववीत, हेच पुस्तक तिला. तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे, की बाबांनी तपासलंय, एक चूक सापडली तर दाखवा. मला एकदम भरून आलं.
खुर्चीसाठी नवी उशी आणली.

७ जुलै
पुस्तकं छापून आली. कव्हर झकास. एक प्रत कन्येला दिली, कोरा वास घेत बसली होती. मालक आज माझ्याकडे पाहून हसले. किंवा माझ्या मागे कोणी असेल.

९ जुलै
कन्या शाळेतून आली, दप्तर ठेवलं, पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, आत निघून गेली. जेवली नाही. सौ.कडून तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. बाईंनी तिलाच उभं करून दुसरा धडा मोठ्याने वाचायला सांगितला होता, बाबांनी तपासलेला म्हणून. प्रकाश ३२४, आणि त्याच पानावर ध्वनी ३४३. बाई म्हणाल्या, म्हणजे या पुस्तकात आधी गडगडाट ऐकू येणार आणि मागाहून वीज दिसणार. पुढे पृथ्वी आली, ती एका ट्रकमध्ये मावली. वर्ग हसून लोळला. हिने तरी शेवटपर्यंत वाचलं.
दाराबाहेरून विचारलं, फार हसले का. आतून म्हणाली, जिवाणू चार मीटर लांब, बाबा? आपली खोली तीन मीटर आहे.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहायला दुसरं काही सुचत नाही.
(चूक अक्षरजुळणी करणाऱ्या ऑपरेटरची असणार.)

१० जुलै
चूक ऑपरेटरचीच! मालकांच्या केबिनमध्ये प्राध्यापक बसले होते. ओरडले नाहीत, नुसतं पाणी मागितलं. विचारलं, माझे घातांक कुठे गेले. ऑपरेटर म्हणाला, फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना डोक्यावरचे आकडे खाली घसरतात, नेहमीचंच आहे. अर्धं मिनिट मला फार हलकं वाटलं.
मग तो म्हणाला, प्रूफरीडर पकडतो ना पण. वेलांटीकाकांनी माझं प्रूफ टेबलावर पसरलं. १०८ वर लाल काट. बाजूला माझ्या हातचं ३२४. खाली सही. त्या सहीचा लपेटा आज फारच मोठा दिसला.
पाच हजार प्रती फेकणं मालकांना परवडणार नाही. बरोबर आकड्यांच्या चिठ्ठ्या छापून चुकांवर चिकटवायच्या. कोणी, ते विचारायची गरज पडली नाही. किती दिवस लागतील म्हणाले. मी म्हटलं, दोन. अडीच धरा.

११ जुलै
कन्या दोन दिवसांनी बोलली. पेन्सिल घेऊन आली आणि समोर बसली. प्रती पाच हजार, प्रतीला चाळीस जागा, म्हणजे चिठ्ठ्या दोन लाख: दोन गुणिले दहाचा पाचवा घात. चिठ्ठीला दहा सेकंद. घात एकाने वाढला, सहावा. मी म्हटलं, दोन, दहा, सहा, सगळे आकडे लहानच तर आहेत. तिने त्या सहाभोवती गोल काढला. मग तासांत केलं, मग आठ तासांच्या दिवसांत. सुमारे सत्तर दिवस.
डोक्यावरचा तो सहा दिसायला एवढासा.
मालकांना उद्या सांगेन.

१२ जुलै
सांगितलं. मालकांना ते परवाच ठाऊक होतं. वेलांटीकाका आणखी वर्षभर थांबणार आहेत. पाठीच्या त्रासामुळे त्यांना नवी खुर्ची घेतली. जुनी माझ्यासाठी. गोडाऊनमध्ये बसायला काही नाही, घेऊन जा म्हणाले.

१४ जुलै
गोडाऊन. खिडकी नाही. चारी बाजूंनी पुस्तकांचे गठ्ठे. खुर्चीवर उशी टाकून बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. काकांनी इतक्या वर्षांत हूं की चूं केलं नाही. माझा पाय जरा हलला की खुर्ची डुलते आणि चिठ्ठी तिरकी बसते. शेवटी दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पट्टी धरून, एकेका आठाला नखाने दाबत बसलो.
शाळा सुटल्यावर कन्या आली, डब्यासकट. पहिली प्रत उचलून तपासली. प्रकाश बरोबर. पृथ्वी बरोबर. जिवाणूवरची चिठ्ठी सरळ करून दिली. मग विचारलं, अंदाजे किती प्रती झाल्या.
'शंभरेक' अगदी ओठावर होतं. उठलो, मोजल्या आणि सांगितलं.
अकरा.