सर्जरी वॉर्डाचं एकमत

योग्यकर्ता, ३ मार्च

ती. पांगिहदादास,
धाकट्या तुंजुंगचा सा. न. वि. वि.

आईसाठी पाठवलेली फणसाची गुदेग पोचली का? तू एकट्यानेच फस्त केली नसशील अशी आशा आहे.

आता कामाचं. डॉक्टर, नर्स आणि औषधवाले एकमेकांबरोबर काम करण्याकडे कसं बघतात, हे मोजणारी माझी प्रश्नावली तुझ्या वॉर्डाने भरून दिली. सगळ्यांचं उत्तर एकच: पूर्ण सहमत. माझे मार्गदर्शक सर खूश आहेत, म्हणाले प्रबंध लिहून टाक. पण दादा, तू वॉर्डाचा मुख्य सर्जन, आणि बैठकीत तूच सगळ्यांत आधी भरलीस आणि आपला कागद नमुना म्हणून फिरवलास. आपल्याकडे मोठ्या माणसाचं उत्तर बघून वेगळं कोण लिहितं? मी स्वतः नर्स आहे, मीही लिहिलं नसतं. मला पुन्हा मोजायचंय, नावं न घेता आणि तू खोलीत नसताना. पदवी लांबली तर लांबू दे.

रागावलास तरी उत्तर लिही.
तुझी तुंजुंग

पुर्वोरेजो, ९ मार्च

चि. तुंजुंगला अनेक आशीर्वाद.

गुदेग आईनेच संपवली, मला चाखायला दिली नाही.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. माझ्या वॉर्डात आजवर कोणी आवाज चढवलेला नाही. चांगला निकाल हातात आलाय, तो तुला नासवायचाय? आई म्हणते, ही पोरगी पहिल्यापासून हट्टी. सरांना दुखव, भावाचं नाक काप. ये, मोज. मी त्या दिवशी वॉर्डात फिरकणार नाही. आधी आलं तेच येईल, लिहून ठेव.

जपून ये.
दादा

योग्यकर्ता, २ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

मोजलं, आणि ते आलं नाही. 'सर्जनचं चुकतंय असं वाटलं तर मी त्यांना थांबवेन', या वाक्याला एकाही नर्सने होकार दिलेला नाही. पहिल्यांदा तू याच वाक्यापुढे 'पूर्ण सहमत' लिहिलंस आणि तुझं बघून त्यांनीही. तुझ्यावर कोणाचा राग नाही, माया आहे, फक्त भीड वाटते. पण त्या भिडेपायी एखाद्या दिवशी पेशंट जाईल. मी हाच निकाल देणार आहे. तुझं नाव त्यात नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईकडून खुशाली कळव.

तुझीच तुंजुंग

पुर्वोरेजो, १८ एप्रिल

चि. तुंजुंगला आशीर्वाद.

खूप चिडलो होतो. आईशीही धड बोललो नाही. पण 'पेशंट जाईल' हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ठरवलं, ऑपरेशन सुरू करण्याआधी रोज विचारायचं, कोणाला काही खटकतंय का. सगळे खाली बघायचे. मी पुन्हा विचारायचो. भूल देणारे डॉक्टर वैतागले. वैतागू देत म्हटलं.

काल आमच्या सर्वांत जुन्या सिस्टर, वागिनाहबाई, म्हणाल्या की डॉक्टर, थांबा, हर्निया दुसऱ्या बाजूचा आहे असं वाटतंय. मी थांबलो, केसपेपर बघितला, पेशंटच्या अंगावरची खूण बघितली. बाईंचंच चुकलं होतं. कोणीतरी हसलं. त्या माफी मागायला लागल्या, तेव्हा मनात आलं, आज यांना गप्प बसू दिलं तर या पुन्हा तोंड उघडणार नाहीत. मी सगळ्यांसमोर वाकून त्यांचे आभार मानले आणि सांगितलं, शंका आली की असंच थांबवा.

आज सकाळी त्यांनी पुन्हा थांबवलं.

निकाल आहे तसा दे. माझं नाव घातलंस तरी चालेल.

दादाची माया आहेच.
पांगिह