चौदा नंबर

प्रिय वेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच फाडशील, असं लोरेन आत्याचं म्हणणं आहे. "फाडू दे," ती म्हणाली, "पण तू लिही. फोन तर तो तुझा उचलत नाही, आणि बरोबरच करतोय." तुझा टल्साचा नवा पत्ताही तिनेच दिला, तोसुद्धा मला चांगलं दोन दिवस तंगवून. तेव्हा फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढं मोठ्या भावाचं ऐक. मोठा भाऊ म्हणून काही सांगायचा हक्क मी घालवून बसलोय, ठाऊक आहे मला.

आधी घरची खबर. बाबा बरे आहेत. डोळ्यांचं तेच, समोरचं मधलं काही दिसत नाही, कडेचं थोडंफार दिसतं, त्यामुळे कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. माणसांचे चेहरे त्यांना आता ओळखू येत नाहीत. दुपारी व्हरांड्यात बसतात. तळ्याकडून वारा सुटला की गिरणीचा तो भाजक्या धान्याचा वास येतो, मग आज कुठल्या पाळीवर काय चाललंय ते आत्याला सांगत बसतात. अडतीस वर्षं गिरणीत काढली माणसाने, अजून तिथेच आहेत ते. शुक्रवारी आत्या मासे तळते आणि बाबा मीठ कमी म्हणतात. "डोळे गेले, कान गेले, जीभ तेवढी धडधाकट ठेवलीय देवाने तुझी," असं ती ओरडून सांगते, आणि दोघं हसत जेवतात.

ऑफिसचं तुझ्या कानावर आलंच असेल. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत हरल्यानंतर तिसऱ्या दिवशी मालकांनी वॉरेन प्रीसला घरी पाठवलं. सात वर्षं त्या माणसाने बफेलोचा बास्केटबॉल संघ चालवला, आणि सामान न्यायला त्याला खोका कुणी दिला, तर मी, त्याच्या उजव्या हाताने. जाताना म्हणाला, "लूशस, माझ्यापेक्षा तू जास्त टिकशील. तुला नाही म्हणता येत नाही." मग मालकांनी मला वर बोलावून ती खुर्ची देऊ केली. मी हो म्हणालो. तुझ्यापासून लपवून काय उपयोग?

आपल्या मागच्या अंगणातली ती रिंग आठवते का रे? बाबांनी गिरणीतल्या पिपाची लोखंडी पट्टी काढून गॅरेजवर ठोकली होती, डावीकडे चार बोटं कललेली. त्या रिंगमुळे तुझा नेम आयुष्यभर जरा डावीकडे राहिला, असं तू सगळ्या मुलाखतींत सांगायचास आणि बाबा चिडायचे. अकरा वर्षं तू या लीगमध्ये खेळलास, चार शहरं पाहिलीस, सातशेवर सामने खेळलास, पण मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, प्लेऑफचा, एकही नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू झाले की बाबा टीव्ही बंद करायचे. "आपलं पोरगं नाही त्यात, मग काय बघायचं?" दोन वर्षांपूर्वी मी तुला इथे आणलं, आपल्या गावच्या संघात, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. उभ्या जन्मात त्यांनी मला मारलेल्या थापा मी मोजू शकतो, वेन. आणि यंदा आपला संघ खरंच आत जाणार असं दिसायला लागलं.

फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला तू माझ्या खोलीत आलास. कोटावरचं बर्फही झटकलं नव्हतंस. "मला मोकळं करा," म्हणालास. गुडघा दुखत होता, इथे बाकावर बसून होतास, आणि सिनसिनाटीवाले तुला घ्यायला एका पायावर तयार होते. एक मार्चनंतर सुटलेल्या खेळाडूला त्या वर्षी कुणाकडूनच प्लेऑफ खेळता येत नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. मी म्हटलं, "वेडा आहेस का? बाबांसमोर, घरच्या कोर्टवर खेळायचं सोडून सिनसिनाटीला जातोस? यादीत नाव आहे तुझं. मी सांगतो ना." तू माझ्याकडे बघून हसलास. "तू सांगतोस ना? मग झालं." टेबलावरच्या बरणीतली एक पेपरमिंटची गोळी उचललीस आणि गेलास.

बारा एप्रिलला आमचा लांबून बॉल टाकणारा एक नेमबाज घोटा मोडून बसला. संघात जागा पंधराच, आणि प्रीसला खालच्या लीगमधला तो टेरिल मॅब्री हवा होता. एक जण कमी करायचा होता. प्रीसने कागद पुढे सरकवला, मी सही केली. त्याच तासाभरात सामानखोलीतून फोन आला, मॅब्रीला त्याचा कॉलेजातला चौदा नंबर हवाय, वेनचा मोकळा झालाय का? "झालाय," मी म्हटलं. हातातल्या कागदावरून मानसुद्धा वर केली नाही. तू दारात येऊन उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आता मारणार. मारलं असतंस तर बरं झालं असतं रे. तू नुसतं म्हणालास, "बाबांना तूच सांग. मला नाही जमायचं."

मी सांगितलं नाही. सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. पहिल्या घरच्या सामन्याच्या रविवारी दुपारी त्यांना गाडीतच सांगायचं ठरवून गेलो, तर बाबा आईच्या अंत्यविधीला घातलेला सूट घालून, टाय बांधून, पायरीवर तासभर आधीपासून बसलेले. चर्चमध्ये पाद्रीबाबांकडून तुझ्यासाठी प्रार्थना करवून घेतली होती. आत्या मागून मला खुणावत होती, सांग, सांग. मी गाडीचं दार उघडलं आणि "पट्टा लावा" एवढंच बोललो.

कोर्टवर तो गोंगाट सुरू झाला की त्यांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. त्यांनी ते काढून खिशात ठेवलं. समोर होता कोण, तर सिनसिनाटीचाच संघ. नशीब पण कसं दात विचकतं बघ. तिसऱ्या भागात मॅब्री उतरला. तुझ्याच उंचीचा, तसाच काटकुळा. बाबांनी मान तिरकी केली, जर्सीवरचे मोठे आकडे तेवढे त्यांना कडेने दिसतात, आणि माझं मनगट एवढं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीही वळ होता. "चौदा! आला बघ! आला आपला वेन!"

बाबा, तो आपला वेन नाही. पाच शब्द. माझ्या तोंडातून एकही फुटला नाही. आणि मग शेवटचे चार सेकंद उरले असताना त्या मॅब्रीने कोपऱ्यातून तीन गुणांचा बॉल टाकला, तो आत गेला, आणि अख्खं स्टेडियम उठलं. बाबा काठी टाकून उठले. रडत होते रे. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं, "खेळला ना? माझा पोरगा प्लेऑफ खेळला ना?" मी हो म्हणून मान हलवली. ती त्यांना दिसणार नाही हे लक्षात आलं, म्हणून त्यांचा हात माझ्या गालावर धरला आणि पुन्हा हलवली.

आता राहिलं ते लिहितो. हे आत्यालाही माहीत नाही. सव्वीस फेब्रुवारीला तू यायच्या तासभर आधी प्रीस माझ्या खोलीत होता. "तुझ्या भावाला सिनसिनाटीकडे जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला होता, "पहिल्या फेरीत तेच समोर येणार, आणि आपला सगळा खेळ त्याला पाठ आहे. एक मार्च उलटू दे, मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळला होता, वेन. वीस वर्षं या धंद्यात आहे, मला नाही कळणार? तरी मी तुला थांब म्हटलं. तू संघात टिकशील अशी स्वतःची समजूत घातली. प्रीसने तुला फसवलं नाही, त्याने तुला काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं मी.

आणि एवढं सगळं करून मी तुझ्याकडे मागायला आलोय. हरलेल्या मोसमानंतर पोरांना फादर्स डेपर्यंत छेडायचं नाही, हा बाबांचा शाळेपासूनचा नियम. तो त्यांनी यंदाही पाळलाय, कसाबसा. येत्या रविवारी, फादर्स डेला, तू दर वर्षीसारखा अकरा वाजता फोन करशील. ते आतापासून तयारी करतायत. आईच्या थडग्यावर जाऊन तिला सांगून झालंय, आता तुला विचारायचंय, तो शेवटचा बॉल हातातून सुटला तेव्हा काय वाटलं. रिंग डावीकडे ठोकली होती, तरी गेला की नाही आत, असं म्हणायचंय त्यांना. आत्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलंय. तू त्यांना खरं सांगितलंस तर मी एक अक्षर बोलणार नाही, तो तुझा हक्क आहे. फक्त त्यांचं वाक्य पुरं होऊ दे. त्यानंतर फोन माझ्याकडे द्यायला सांग. मी शेजारीच बसलेला असेन. जे बोलायचं असेल ते मला बोल.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
लूशस