हार्डडिस्कची सफाई

८ जानेवारी २०१२, रविवार
कॉम्प्युटर पुन्हा कुरकुरला: डिस्क फुल. साडेसात हजार फोटो! आठ वर्षांत या घरात कोणी एक फोटो कमी केला नाही. आता मीच बघतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली, अडीच हजार जातींचे नटबोल्ट तोंडपाठ आहेत. फोटो काय चीज आहे!
१९ फेब्रुवारीला आईचे पहिले पुण्यस्मरण. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा घाईत बुद्धवंदना फोटोशिवायच झाली. एवढा कॉम्प्युटर घरात अन् मायचा एक फोटो नाही निघाला, असे आनंदाबाई चारचौघांत बोलली. मोठी बहीण आहे, ऐकून घेतले. यंदा आईचा सर्वोत्तम फोटो, मोठ्या फ्रेममध्ये. सर्वांना फोन करून सांगितले.

१० जानेवारी. बी शिफ्ट.
पद्धत स्टोअरचीच. आधी रिजेक्ट माल बाहेर, मग रॅकिंग, मग आईचा फोटो. रत्नमाला म्हणते, पहिले मायचा फोटो काढून ठेवा, मंग काय करायचं ते करा. बायकोला सिस्टिम कोण समजावणार!

१५ जानेवारी
सफाई सुरू. हललेले, अंधारे, मुंडके कापलेले, डोळे मिटलेले, सब रिजेक्ट. सरळ शिफ्ट-डिलीट. रिसायकल बिनमध्ये ठेवले तर भंगार गेटच्या आतच राहिले ना? फोटो तिकिटाएवढे बारीक करून बघतो. चेहरे पाहत बसलो तर रिटायर होईन. आज चौदाशे गेले.
बॅकअप घेतला का, असे रत्नमालाने विचारले. कचऱ्याचा बॅकअप कोण घेतो?

२२ जानेवारी
एकूण एकवीसशे गेले. उरलेल्यांच्या डीव्हीडी करून, लेबल लावून कपाटात. वरून डिस्क डीफ्रॅग केली, म्हणजे विखुरलेला माल सरकवून रिकाम्या जागा भरून टाकल्या. तीन तास रंगीत पट्टे सरकत होते, मी समोरच बसून होतो. फार समाधान वाटले.
मायचा फोटो निघाला का, रत्नमालाने विचारले. म्हटले, प्रोसेसमध्ये आहे.

२९ जानेवारी
‘आई’ नावाचे फोल्डर केले. त्यात टाकायला फोटो सापडत नाही.

२९ जानेवारी, दुपार
आठवले. आईला फ्लॅशची धास्ती होती. कॅमेरा दिसला की डोळे गच्च मिटायची. वीज चमकते रे बाबू, म्हणायची, आणि आम्ही हसायचो. लग्नात, वाढदिवसाला, नागपूरला दीक्षाभूमीवर, सगळीकडे तशीच.
म्हणजे प्रत्येक फोटोत.
नाही, एखादा असेलच. पुन्हा बघतो.

१ फेब्रुवारी
नाही. एकही उरला नाही. रत्नमालाला सांगितले नाही, उगाच टेन्शन घेईल.
सीपीयू मोटरसायकलला बांधून भंडाऱ्याला धर्मेंद्रच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. मित्राचा आहे म्हटले. धर्मेंद्र म्हणाला, डिलीट केल्यावर काहीच केलं नसन तर निघते. डीफ्रॅग तं नाही केलं ना? मित्राने केले म्हटले. त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, मित्राले सांगा, आशा नका ठेवू.

५ फेब्रुवारी
नऊ फोटो निघाले. वरचा भाग सगळा राखाडी, खाली नुसते पाय. एकात हिरव्या लुगड्याचा काठ. आईच आहे. धर्मेंद्रसमोर रडू आले, धूळ गेली म्हटले.

८ फेब्रुवारी
नवा प्लॅन. नातेवाइकांकडून फोटो मागवायचे. सिहोऱ्याच्या श्यामरावमामाला फोन केला. मामा म्हणाले, अरे, तूच तं मेमरी कार्ड नेलं होतं! माह्या कॉम्प्युटरवर सेफ राहतीन, म्हणे. चार जणांना फोन केले, चौघांचे उत्तर हेच.

१२ फेब्रुवारी
सानगडीहून आनंदाबाईचा फोन. किती मोठा केला रे फोटो? सरप्राइज आहे म्हटले. मले लय बरं वाटून राहिलं, म्हणाली. फोन ठेवल्यावर जेवण गेले नाही. रत्नमालाला शेवटी सांगितले. तिने माझे ताट झाकून ठेवले. ओरडली असती तर बरे झाले असते.

१९ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे आले. टेबलावर भगवान बुद्ध, बाबासाहेब, आणि बाजूला मोकळी जागा. आनंदाबाईला स्वयंपाकघरात नेऊन सगळे सांगितले. डोळे मिटलेले होते म्हणून काढले, हेही सांगितले. ती चिडेल म्हणून तयारीत होतो. ती म्हणाली, चल, भन्तेजी थांबले आहेत.
वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मामांनी, रत्नमालाने, शेजाऱ्यांनी. मी एकटाच उघड्या डोळ्यांनी त्या जागेकडे बघत होतो.
संपल्यावर आनंदाबाई हळूच म्हणाली, बाबू, वंदनेले सारेच डोळे मिटते. माय तशीच बसली असती ना रे आपल्यात.
मग रत्नमालाने विचारले, फोटोसाठी आणलेल्या हाराचे काय करायचे. मी तो मोकळ्या जागेत ठेवला आणि डोळे मिटले.